अमृता शेरगिल : ग्राहक न मिळालेल्या चित्रांचा राष्ट्रीय ठेवा

नवी दिल्लीत इंडिया गेटजवळील जयपूर हाऊस या वास्तूत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या काळातील भारतीय चित्रे व शिल्पे येथे जतन करण्यात आली असून संग्रहातील कलाकृतींची संख्या १७ हजारांच्या घरात आहे. राजा रविवर्मा, रवींद्रनाथ टागोर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, रामकिंकर बैज अशा अनेक थोर कलावंतांच्या कृती येथे एका छताखाली पाहावयास मिळतात. तथापि, ज्या एका कलावंताच्या आयुष्यभराच्या निर्मितीतील निम्म्याहून अधिक भाग या संग्रहालयाकडे आहे, त्या म्हणजे अमृता शेरगिल. अवघे २८ वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या चित्रकर्तीची ज्ञात तैलचित्रे सुमारे पावणेदोनशे आहेत आणि त्यांतील शंभराच्या आसपास चित्रे राष्ट्राच्या मालकीची आहेत. हयातीत या चित्रांना ग्राहक मिळविणे अवघड गेले होते, ही बाब लक्षात घेतली म्हणजे या संग्रहाचे महत्त्व अधिक उठून दिसते.

अमृता यांचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे झाला. वडील सरदार उमरावसिंग शेरगिल हे पंजाबातील मजिठा येथील सरदार घराण्यातले. संस्कृत व फारसी या भाषांचा त्यांचा गाढा व्यासंग होता, तसेच छायाचित्रणाचाही छंद त्यांनी आयुष्यभर जोपासला. आई मारी आंत्वानेत या हंगेरियन गायिका होत्या. धाकटी बहीण इंदिरा हिचा जन्म १९१४ मध्ये झाला. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले आणि शेरगिल कुटुंबाला युद्धकाळ हंगेरीतच काढावा लागला. १९२१ मध्ये हे कुटुंब भारतात आले आणि सिमल्याच्या समर हिल भागात स्थायिक झाले. घरात पुस्तके होती, पियानो होता आणि पाहुण्यांची वर्दळ होती. लहानग्या अमृताच्या हाती रंग व कागद फार लवकर आले. १९२४ मध्ये आईबरोबर त्या इटलीतील फ्लोरेन्स येथे काही महिने राहिल्या व तेथील शाळेत गेल्या. इटालियन चित्रकलेचे पहिले दर्शन त्यांना याच वेळी घडले.

मामा एर्विन बाक्ताय हे भारतविद्येचे अभ्यासक होते आणि तरुणपणी त्यांनी चित्रकलेचे शिक्षणही घेतले होते. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात आले असताना त्यांनी भाचीचे काम बारकाईने पाहिले. कल्पनेतून चित्रे काढण्याऐवजी समोर माणूस बसवून, त्याचे निरीक्षण करून रेखाटन करावे, अशी दिशा त्यांनी तिला दिली. मुलीला पॅरिसमध्ये शिक्षण मिळावे या विचाराला त्यांचा पाठिंबा होता. अखेर १९२९ मध्ये सारे कुटुंब पॅरिसला गेले. अमृता तेव्हा १६ वर्षांच्या होत्या.

पॅरिसमध्ये प्रथम ग्राँ शोमिएर या कलाशाळेत आणि नंतर एकोल दे बोझार या विख्यात संस्थेत ल्युसियाँ सिमाँ यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. मानवी देहाची रचना, प्रकाश आणि तैलरंगांचा वापर यांवर त्यांनी तेथे प्रभुत्व मिळविले. सेझान आणि गोगँ या चित्रकारांच्या कामाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. १९३२ मध्ये त्यांनी दोन तरुणींचे एक मोठे चित्र रंगविले. त्यांतील एक तरुणी म्हणजे बहीण इंदिरा आणि दुसरी फ्रेंच मैत्रीण होती. ‘यंग गर्ल्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चित्राला १९३३ मध्ये ग्राँ सालाँ या प्रतिष्ठित प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले आणि अमृता यांची त्या संस्थेच्या सहयोगी सदस्य म्हणून निवड झाली. विशीतल्या, त्यातही आशियातून आलेल्या तरुणीला असा मान मिळणे ही त्या काळात असामान्य गोष्ट होती. हे चित्र आज दिल्लीच्या संग्रहालयात आहे.

युरोपात नाव होऊ लागले असतानाच भारतात परतण्याची ओढ त्यांना लागली. आपल्या कलेची भूमी भारत हीच आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. १९३४ च्या अखेरीस त्या परतल्या. काही काळ अमृतसरला आणि मग सिमल्याला राहून त्यांनी नव्याने कामाला सुरुवात केली. पॅरिसमधील चित्रांत ज्या कौशल्याची वाहवा झाली होती, ते बाजूला ठेवून त्या साधेपणाकडे वळल्या. तपशील कमी झाले, आकार सपाट व भारदस्त झाले, रंग अधिक गडद झाले. सिमल्याच्या परिसरातील डोंगराळ भागातले स्त्री-पुरुष, अंगावर जाड वस्त्रे, चेहऱ्यावर थकवा आणि डोळ्यांत मूक सोशिकपणा, हे त्यांच्या चित्रांचे विषय बनले. ‘मदर इंडिया’, ‘हिल मेन’, ‘हिल विमेन’ आणि ‘थ्री गर्ल्स’ ही चित्रे १९३५ च्या सुमारास तयार झाली.

या नव्या वळणाचे स्वागत सर्वत्र झाले नाही. त्या काळी भारतीय चित्रकलेत दोन प्रवाह प्रबळ होते. एका बाजूला ब्रिटिश कलाशाळांतून शिकविली जाणारी वास्तववादी पद्धत होती, तर दुसऱ्या बाजूला बंगाल शैलीतील हळुवार, धूसर जलरंगांची आणि पौराणिक विषयांची परंपरा होती. अमृता यांना दोन्ही अपुऱ्या वाटत आणि आपले मत त्या लेखांतून व भाषणांतून परखडपणे मांडत. १९३५ मध्ये सिमल्याच्या ललितकला संस्थेच्या वार्षिक प्रदर्शनाकरिता त्यांनी पाठविलेल्या चित्रांपैकी काही नाकारली गेली आणि एका चित्राला पारितोषिक जाहीर झाले. अमृता यांनी ते पारितोषिक परत केले. प्रस्थापित संस्थेशी उघड मतभेद घेण्याची किंमत मोठी असते, हे त्यांना ठाऊक होते. तरीही त्यांनी माघार घेतली नाही.

१९३६ च्या अखेरीस त्या बरदा उकील यांच्यासमवेत चित्रे घेऊन भारताच्या दौऱ्यावर निघाल्या. उकील बंधू हे दिल्लीतील अखिल भारतीय ललित व हस्तकला संस्थेचे संस्थापक होते. नोव्हेंबर महिन्यात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात प्रदर्शन भरले. मुंबईतच त्यांची कार्ल खंडालावाला या कलासमीक्षकांशी ओळख झाली. व्यवसायाने वकील असलेल्या खंडालावाला यांच्याकडे भारतीय लघुचित्रांचे सखोल ज्ञान होते. बसोहली व अन्य पहाडी शैलींतील चित्रांकडे अमृता यांचे लक्ष वेधण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. दोघांमधील स्नेह आणि पत्रव्यवहार अमृता यांच्या अखेरपर्यंत टिकला. त्यांच्या निधनानंतर काही वर्षांतच खंडालावाला यांनी त्यांच्या कलेवर पुस्तक लिहिले. १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने ‘थ्री गर्ल्स’ या चित्राला सुवर्णपदक देऊन गौरविले. भारतात त्यांना मिळालेल्या मोजक्या मोठ्या सन्मानांपैकी हा एक होय.

मुंबईहून त्या अजिंठा आणि वेरूळ येथे गेल्या. अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रांनी त्या भारावून गेल्या. पॅरिसमध्ये शिकलेल्या रंगभाषेला भारतीय भूमीवर आधार कोठे शोधायचा, या प्रश्नाचे उत्तर त्यांना येथे मिळाले. थोडक्या रेषेत सामावलेला देहाचा डौल, आकृत्यांची एकमेकींत गुंफलेली मांडणी आणि तांबूस, हिरव्या, काळसर रंगांचे संयमित मिश्रण यांचा ठसा त्यांच्या पुढील कामावर स्पष्टपणे उमटला. पुढे हैदराबाद, त्रिवेंद्रम, कन्याकुमारी असा प्रवास करीत त्या कोचीनला पोहोचल्या. तेथील मट्टनचेरी राजवाड्यातील भित्तिचित्रांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला.

कलेच्या दृष्टीने फलदायी ठरलेला हा दौरा आर्थिकदृष्ट्या मात्र निराशाजनक होता. हैदराबादेत नवाब सालारजंग यांनी काही चित्रे पाहण्यासाठी ठेवून घेतली आणि नंतर परत पाठविली. युरोप व आशियातील हजारो मौल्यवान वस्तू जमविणाऱ्या या संग्राहकाच्या नावाने पुढे १९५१ मध्ये हैदराबादेत प्रसिद्ध संग्रहालय उघडण्यात आले आणि १९६१ मध्ये त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. म्हैसूरच्या दरबारातही अमृता यांच्या चित्रांपेक्षा रविवर्मांच्या चित्रांना पसंती मिळाली. संस्थानिकांच्या दिवाणखान्यांत शोभतील अशी ही चित्रे नव्हती. त्यांत अलंकारांचा लखलखाट नव्हता, प्रसन्न चेहरे नव्हते आणि पाहणाऱ्याला सुखावण्याचा प्रयत्नही नव्हता.

सिमल्याला परतल्यावर १९३७ मध्ये त्यांनी दक्षिणेतील प्रवासावर आधारित तीन मोठी चित्रे पूर्ण केली. ‘ब्राइड्स टॉयलेट’, ‘ब्रह्मचारीज’ आणि ‘साउथ इंडियन व्हिलेजर्स गोइंग टू मार्केट’ ही ती चित्रत्रयी होय. नवरीचा शृंगार दाखविणाऱ्या पहिल्या चित्रात मध्यभागी बसलेली वधू आणि तिच्याभोवतीच्या स्त्रिया व मुले यांची रचना अजिंठ्याची आठवण करून देते. लग्नघरातील लगबग येथे नाही. आहे ती एक गंभीर स्तब्धता. ‘ब्रह्मचारीज’मध्ये उघड्या अंगाचे, पांढरे धोतर नेसलेले पाच बटू तांबड्या पार्श्वभूमीवर बसलेले दिसतात. ही दोन्ही चित्रे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात असून भारतीय आधुनिक चित्रकलेच्या कोणत्याही इतिहासात त्यांचा उल्लेख अटळ मानला जातो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लाहोर येथे भरलेल्या प्रदर्शनाची समीक्षकांनी चांगली दखल घेतली.

१९३८ मध्ये अमृता हंगेरीला गेल्या आणि जुलै महिन्यात त्यांनी मावसभाऊ डॉ. व्हिक्टर एगन यांच्याशी विवाह केला. युरोपवर दुसऱ्या महायुद्धाचे सावट पडले होते. १९३९ मध्ये हे दांपत्य भारतात आले आणि काही काळाने गोरखपूरजवळील सराया येथे राहू लागले. तेथे शेरगिल घराण्याची जमीन व साखर कारखाना होता. डॉ. एगन यांनी तेथे वैद्यकीय व्यवसाय सुरू केला. कलाविश्वापासून दूर असलेल्या या खेड्यात अमृता यांना एकाकीपणा जाणवत असे आणि उदासीनतेचे झटकेही येत. मात्र याच काळात त्यांच्या कलेने पुन्हा नवे रूप घेतले. मोगल आणि पहाडी लघुचित्रांच्या प्रभावाखाली त्यांनी लहान आकाराची, अनेक पात्रांची आणि उजळ रंगांची चित्रे काढली. ‘एन्शंट स्टोरीटेलर’, हळद कुटणाऱ्या स्त्रियांचे चित्र, खाटेवर विसावलेली स्त्री ही चित्रे १९४० मधील आहेत. मोठ्या घरातील स्त्रियांचे बंदिस्त, संथ दिवस त्यांनी जवळून पाहिले आणि कोणताही उपदेश न करता कॅनव्हासवर उतरविले.

पंडित जवाहरलाल नेहरू यांच्याशी त्यांचा १९३७ पासून परिचय होता आणि दोघांमध्ये पत्रव्यवहारही होत असे. १९४० मध्ये गोरखपूरच्या दौऱ्यावर असताना नेहरूंनी सराया येथे त्यांची भेट घेतली होती.

सप्टेंबर १९४१ मध्ये एगन दांपत्य लाहोरला आले. लाहोर हे तेव्हा उत्तर भारतातील साहित्य, नाट्य आणि कलेचे मोठे केंद्र होते. माल रोडवरील गंगाराम मॅन्शन्स या इमारतीतील घरात अमृता यांनी आपला स्टुडिओ थाटला. डिसेंबरमध्ये त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरणार होते आणि त्याची तयारी सुरू होती. घरातून दिसणारे दृश्य, त्यातील म्हशी आणि भोवतालची घरे यांचे एक चित्र त्यांनी हाती घेतले होते. ते पूर्ण होण्यापूर्वीच त्या अचानक आजारी पडल्या आणि ५ डिसेंबर १९४१ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास त्यांचे निधन झाले. आजाराचे निश्चित निदान कधीच झाले नाही. नियोजित प्रदर्शन त्यांच्या पश्चात त्याच महिन्यात भरविण्यात आले.

एखाद्या तरुण कलावंताचा अकाली मृत्यू झाला म्हणजे त्याच्या कामाचे पुढे काय होणार, हा प्रश्न नेहमीच गंभीर असतो. चित्रे नातेवाइकांत वाटली जातात, गरजेपोटी विकली जातात, दमट खोल्यांत खराब होतात किंवा परदेशी जातात. अमृता यांच्या चित्रांबाबत तसे घडण्याची सर्व कारणे उपस्थित होती. युद्ध चालू होते, सहा वर्षांनी देशाची फाळणी झाली, ज्या लाहोरात त्यांचे निधन झाले ते शहर दुसऱ्या देशात गेले आणि १९४८ मध्ये त्यांच्या आईचाही मृत्यू झाला. तरीही बहुसंख्य चित्रे एकत्र राहिली. अमृता यांचे पती आणि वडील यांनी आपल्याजवळील चित्रे राष्ट्राच्या स्वाधीन केली. काही चित्रे बहीण इंदिरा यांच्या कुटुंबाकडे राहिली. इंदिरा यांचे पुत्र विवान सुंदरम हे पुढे स्वतः नामवंत कलावंत झाले. मावशीची पत्रे, लेखन व छायाचित्रे संपादित करून प्रसिद्ध करण्याचे मोठे काम त्यांनी केले.

राष्ट्राने ही चित्रे स्वीकारली, तेव्हा त्यांच्यासाठी योग्य घराचीही गरज होती. देशात एक राष्ट्रीय कलादालन असावे, ही कल्पना १९३८ मध्येच अखिल भारतीय ललित व हस्तकला संस्थेने मांडली होती. म्हणजे ज्या उकील बंधूंपैकी एक जण अमृता यांच्यासह चित्रे घेऊन गावोगावी फिरला होता, त्यांच्याच संस्थेतून या कल्पनेचा उगम झाला होता. स्वातंत्र्यानंतर तिला मूर्त रूप आले. जयपूरच्या महाराजांचे दिल्लीतील निवासस्थान असलेले, मध्यवर्ती घुमटाचे आणि फुलपाखराच्या आकाराचे जयपूर हाऊस यासाठी निवडण्यात आले. २९ मार्च १९५४ रोजी उपराष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते आणि पंतप्रधान नेहरू यांच्या उपस्थितीत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. बडोद्याच्या संग्रहालयात पूर्वी काम केलेले जर्मन कला-इतिहासकार हर्मन गोएट्झ हे येथील पहिले अभिरक्षक होत. अमृता शेरगिल हयात असत्या, तर त्या दिवशी त्यांचे वय अवघे ४१ वर्षांचे असते.

संग्रहालयाने पुढे कलाकृतींच्या संवर्धनासाठी प्रयोगशाळा व संदर्भ ग्रंथालय उभारले. तैलचित्रांना हवेतील आर्द्रता, उष्णता आणि धूळ यांपासून धोका असतो. रंगांना भेगा जातात, वरचे वार्निश पिवळे पडते आणि कॅनव्हास सैल होतो. खासगी घरात एखाद्या चित्राची निगा राखणेही कठीण असते. शंभर चित्रांची निगा राखण्यासाठी संस्थाच लागते. संग्रह वाढत गेला, तसा संस्थेचा विस्तारही झाला. मुंबईतील सर कावसजी जहांगीर सभागृहाचे नूतनीकरण करून तेथे १९९६ मध्ये शाखा सुरू झाली. २००९ मध्ये बंगळूर येथील माणिक्यवेलू मॅन्शनमध्ये दुसरी शाखा उघडली आणि त्याच वर्षी दिल्लीत जयपूर हाऊसला लागून नवी इमारत खुली झाली.

चित्रांना कायद्याचे संरक्षणही लाभले. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला. या कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण न झालेल्या परंतु असाधारण मोलाच्या कलाकृतींनाही, त्यांचा कर्ता हयात नसल्यास, राष्ट्रीय कलानिधी म्हणून घोषित करता येते. १९७६ मध्ये अमृता शेरगिल यांच्या कलाकृतींना हा दर्जा देण्यात आला. त्यामुळे त्यांची भारतातील चित्रे खासगी मालकीची असली तरी कायमची देशाबाहेर नेता येत नाहीत. देशातच त्यांची खरेदी-विक्री होऊ शकते. बहुतेक चित्रे संग्रहालयात असल्याने बाजारात येणारी चित्रे फारच थोडी असतात आणि त्यांना मिळणारी किंमतही तशीच असते. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीतील लिलावात त्यांचे १९३७ मधील ‘द स्टोरी टेलर’ हे चित्र ६१ कोटी ८० लाख रुपयांना विकले गेले. लिलावात भारतीय चित्राला मिळालेली त्या वेळपर्यंतची ती सर्वाधिक किंमत होती. २०२५ मध्ये मकबूल फिदा हुसेन यांच्या चित्राने हा विक्रम मागे टाकला.

जगातील कलारसिकांनाही या चित्रांचे दर्शन घडले. २००७ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या संग्रहालयात त्यांच्या कामाचे प्रदर्शन भरले होते. भारतीय टपाल खात्याने १९७८ मध्ये ‘हिल विमेन’ या चित्राचे तिकीट काढले. दिल्लीत त्यांच्या नावाचा रस्ता आहे, तर जन्मगाव बुडापेस्ट येथील भारतीय सांस्कृतिक केंद्रालाही त्यांचेच नाव देण्यात आले आहे.

लिलावातील किमतीची बातमी होते आणि काही दिवसांत ती विसरली जाते. विकले गेलेले चित्र पुन्हा कोणाच्या तरी घरात जाते आणि सर्वसामान्यांच्या नजरेआड होते. जयपूर हाऊसमधील चित्रांचे तसे नाही. अल्प शुल्क भरून कोणीही नागरिक तेथे जाऊ शकतो. पॅरिसमधील दोन तरुणी, पंजाबातील तीन मुली, दक्षिणेतील बटू आणि सरायाच्या अंगणातला कथेकरी यांना क्रमाने पाहताना, एका कलावंताच्या जेमतेम दहा वर्षांच्या प्रवासातील प्रत्येक टप्पा डोळ्यांसमोर उभा राहतो. हीच चित्रे शंभर घरांत विखुरली असती, तर हा प्रवास कोणालाच सलग दिसला नसता. संस्थानिकांनी परत पाठविलेली ही चित्रे कुटुंबीयांनी एकत्र जपली आणि राष्ट्राने सांभाळली. म्हणूनच सरदार घराण्यात जन्मलेल्या, पण डोंगरदऱ्यांतील आणि खेड्यांतील माणसांची चित्रे काढणाऱ्या या चित्रकर्तीचा वारसा आज सर्वसामान्य भारतीयांच्या मालकीचा आहे.